खुमखुमी तुमची, हमी कंपनीची?

आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर तीन विषय कधीच संपत नाहीत. मेसची भाजी, ७५ टक्के अटेंडन्स आणि रीमॅप. पहिल्या दोन विषयांवर ह्या मासिकात दरवर्षी कुणीतरी लिहितंच. तिसऱ्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही, म्हणून हा प्रपंच.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही त्यांना पानं उलटून विनोदांकडे जाता येईल. गाडीचं इंजिन ट्यून करायचं असेल तर करा, पण मग त्या इंजिनाच्या वॉरंटीवर हक्क सांगू नका. आणि कंपनीनंही ट्यूनिंगचं निमित्त करून अख्ख्या गाडीची वॉरंटी खिशात घालू नये. ऐकायला साधं वाटतं ना? कट्ट्यावर मांडलं तेव्हा दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या. ट्यूनिंगवाले म्हणाले तू कंपनीची एजंट, आणि जे कंपनीत प्लेसमेंट मिळवायच्या तयारीत आहेत ते म्हणाले तू टपोरी गॅरेजवाल्यांची वकील. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही चौघीच मुली, त्यामुळे 'तुला गाडीतलं काय कळतं' हे तिसरं वाक्यही झालंच. असो.

कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझे काही मराठी शब्द उशिरा आले. 'वॉरंटी'ला 'हमी' म्हणतात हे माहीत होतं, पण हमी म्हणजे नक्की काय हे मला मामानं सांगितलं. तो म्हणाला, हमी म्हणजे शब्द. मी तुला शब्द देतो की एवढ्या दिवसांत हे बिघडलं तर माझं. हा अर्थ डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिव्हिल आणि आयटीच्या मंडळींसाठी थोडक्यात फंडा. हल्लीच्या गाडीत डिझेल किती फवारायचं, कधी फवारायचं, टर्बोनं हवा किती दाबायची, हे सगळं ईसीयू नावाचा एक डबा ठरवतो. त्याच्या मेमरीत तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला तुमचा पाय पॅडलवर किती दाबलेला आहे ते, आणि मधल्या चौकटीत आकडा. ह्या तक्त्यांनाच मॅप म्हणतात. रीमॅप म्हणजे लॅपटॉप जोडून हे आकडे बदलणं. डिझेल थोडं जास्त, बूस्ट थोडा जास्त, आणि 'आता पुरे' म्हणणाऱ्या मर्यादा थोड्या सैल. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत ह्यानं फारसं काही हाती लागत नाही, कारण हवा जेवढी यायची तेवढीच येते. टर्बो गाडीत मात्र फरक पहिल्या गिअरलाच कळतो. मी स्वतः अशा गाडीत बसले आहे आणि खोटं कशाला बोलू, पाठ सीटला चिकटली तेव्हा मजा आली.

दुसरा स्वस्त प्रकार म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. हा मला अजिबात आवडत नाही, आणि का ते इथेच सांगते. कॉमन रेलवर एक सेन्सर असतो, जो आतला दाब ईसीयूला कळवतो. बॉक्स ह्या सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. समजा रेलमध्ये १२०० बार आहेत, बॉक्स म्हणतो १०५०. बिचारा ईसीयू घाबरून दाब वाढवतो, जास्त डिझेल जातं, गाडी पळते. म्हणजे गाडीच्या डोक्यात काही बदल केलेला नाही, फक्त तिच्याशी खोटं बोललं जातंय. रीमॅपवाला निदान सांगून सवरून आकडे तरी बदलतो.

आता खरा मुद्दा. कट्ट्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असं : "कंपनी मुद्दाम पॉवर दाबून ठेवते यार, आपण फक्त मोकळी करतो." जणू कंपनीनं शंभर रुपये घेऊन ऐंशीचाच माल दिला आणि वीस तिजोरीत ठेवले. हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या वाक्यांनीच जास्त घोळ होतात. कंपनी राखून ठेवते हे बरोबर. पण कुणासाठी ठेवते ते बघा.

इंजिन विकताना कंपनीला माहीत नसतं की गाडी कुणाच्या हातात जाणार. ती पुण्यातल्या रिटायर्ड आजोबांकडे जाईल, नाहीतर सहा माणसं आणि डिकीभर आंबे घेऊन मे महिन्यात आंबोली घाट चढणाऱ्या कुणाकडे. तेल बदलायची तारीख उलटून चार महिने झाले तरी ज्याला फिकीर नाही अशा माणसाकडेही जाईल. कुणीतरी ती खारदुंग ला वर नेणार, जिथे ५,३५९ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो आणि तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला कितीतरी जास्त वेगानं फिरावं लागतं. कंपनीच्या मॅपमध्ये अशा उंचीवर बूस्ट कमी करायची सोय असते. घाईत रीमॅप करणारे बरेचदा त्या कोपऱ्यातल्या तक्त्याकडे बघतही नाहीत, कारण त्यांचा ग्राहक लडाखला नाही, हायवेवरच्या ढाब्यापर्यंत जाणार असतो. जातो मात्र लडाखला.

आणि डिझेल! आपल्याकडे भेसळ हा काही पुस्तकी विषय नाही. मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेल्या यशवंत सोनवणे ह्या अपर जिल्हाधिकाऱ्यांना २५ जानेवारी २०११ ला भर दिवसा जाळून मारलं गेलं. रॉकेल मिसळलेल्या डिझेलचं वंगण कमी होतं, पंप आणि इंजेक्टर झिजतात. ज्या इंजिनिअरनं आपल्या इंजिनाचा मॅप लिहिला, त्याला तुमचा नेहमीचा पंप कसा आहे हे कुठून कळणार? त्यानं वाईटात वाईट धरून थोडी जागा सोडली. ती जागा म्हणजे राखीव. दुष्काळाच्या वर्षासाठी कणगीत ठेवलेलं धान्य. रीमॅप करणारा माणूस हे धान्य काढून जेवण घालतो. जेवण छान होतं ह्यात वाद नाही.

हमीचा शब्द कंपनीनं ह्या राखीव साठ्याच्या जोरावर दिलेला असतो. साठा तुम्ही वापरलात, मग शब्द कुणी पाळायचा? मला तरी ह्याचं एकच उत्तर दिसतं.

ह्यावर हुशार मुलं लगेच उदाहरण देतात. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल घ्या, ज्याला गंमतीनं 'नॅशनल इंजिन' म्हणायचे, कारण मारुती, टाटा, फियाट सगळ्यांनी तेच लावलं होतं. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस आणि १९० न्यूटनमीटर द्यायचं. अर्टिगात तेच इंजिन ९० पीएस आणि २०० न्यूटनमीटर. "मग माझ्या स्विफ्टला ९० का नाही?" मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्या बंद केल्या, पण सेकंडहँड स्विफ्ट डिझेल घेतलेली मुलं आपल्या पार्किंगमध्येही आहेत आणि हा प्रश्न आजही तावातावानं विचारतात. उत्तर असं की इंजिनाचा ब्लॉक तोच असला तरी टर्बो तो नव्हता. ७५ पीएसच्या इंजिनाला साधा, ठरावीक भूमितीचा टर्बो होता आणि ९० च्या इंजिनाला पाती फिरवणारा व्हेरिएबल जॉमेट्रीचा. दोन भावांचं आडनाव एक असलं म्हणून एकाचा बूट दुसऱ्याला होत नाही. नुसता आकडा वाढवून साध्या टर्बोकडून मोठ्या टर्बोचं काम करून घेता येतं, पण त्याचा हिशेब तो टर्बो स्वतःच्या आयुष्यातून चुकता करतो.

आणखी एक उदाहरण देते, कारण हे मला फार आवडतं. फोक्सवॅगनचा डीक्यू२०० हा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स. त्याची मर्यादा २५० न्यूटनमीटर. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयला हाच गिअरबॉक्स होता, आणि तिचं इंजिन द्यायचं १७५. म्हणजे ७५ ची मोकळी जागा. चाकणचीच व्हेंटो डिझेल ऑटोमॅटिक, तिलाही हाच गिअरबॉक्स, आणि इंजिन द्यायचं बरोब्बर २५०. मोकळी जागा शून्य! आता ह्या दोन गाड्यांचे मालक एकाच ट्यूनरकडे गेले आणि दोघांनी चाळीस-चाळीस न्यूटनमीटर वाढवून घेतले, तर दोघांनी एकच गोष्ट केली असं म्हणायचं का? पहिल्यानं गिअरबॉक्सच्या मर्यादेच्या आत खेळ केला. दुसरा पहिल्याच दिवशी बाहेर. पण दोघांच्याही वॉरंटी-पुस्तिकेत 'फेरफार केल्यास वॉरंटी लागू नाही' एवढंच एक वाक्य. मर्यादेचा आकडा पुस्तिकेत नाही. मालकाला तो माहीतच नसेल तर त्यानं शहाणपणानं वागावं कसं, हे कंपनीनं सांगावं. माझं कंपनीशी पहिलं भांडण इथे आहे.

आता मामाची गोष्ट. मामा इस्लामपूरला असतो, शेती आणि खतांचं दुकान. तीन वर्षांपूर्वी त्यानं कर्ज काढून नवी डिझेल गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, गाडीवेडा. त्यानं मामाला न सांगता कोल्हापूरला जाऊन रीमॅप करून आणला. पाच-सहा महिने सगळं मस्त. मामा म्हणायचा, "गाडी आता मोकळी झाली बघ, चांगलं पिकअप आलंय." दादा गालात हसायचा. मग चढावर चौथ्या गिअरला आरपीएम चढायचा पण गाडी पुढे जाईना, क्लच घसरायला लागला. क्लच दादानं गपचूप बदलला, बाहेरच्या गॅरेजमध्ये. आणि मग टर्बो गेला. दिवाळीची सुट्टी होती, मी तिथेच होते. इनटेकच्या पाइपात तेल होतं, टर्बोचा शाफ्ट हातानं हलवला तर खुळखुळत होता. व्हायवाला ह्याला 'एक्सेसिव्ह शाफ्ट प्ले' म्हणतात, तिथे फक्त मामाचा चेहरा बघवत नव्हता.

दादाचा प्लॅन तयार होता. ट्यूनरकडे ओरिजिनल फाइल असतेच. ती परत टाकायची, गाडी टो करून शोरूमला न्यायची, आणि काहीच माहीत नाही असा चेहरा करायचा. "सगळे हेच करतात," दादा म्हणाला. मामाला तेव्हाच सगळं कळलं. तो काही ओरडला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "तू इंजिनिअर व्हायला निघालीस ना? तू सांग, काय करायचं."

खरं सांगते, सबमिशनच्या आदल्या रात्रीही मला एवढं टेन्शन आलं नव्हतं. एका बाजूला मामाचे पैसे, आणि ते थोडेथोडके नव्हते. दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या असाइनमेंटवर आपलं नाव टाकण्याचा प्रकार. मी म्हटलं, "मामा, फाइल बदलू नको. गाडी आहे तशी ने आणि सांग." दादानं माझ्याशी चार दिवस बोलणं टाकलं.

ह्यात नुसता साधेपणाचा आव नव्हता, तांत्रिक कारणही होतं. ओरिजिनल फाइल परत टाकली की पुरावा पुसला जातो हा समज आता जुना झाला. कितीतरी ईसीयू आपल्यावर किती वेळा लिहिलं गेलं ह्याची नोंद ठेवतात. शिवाय ओबीडीच्या पोर्टमधून सॉफ्टवेअरचा ओळख-क्रमांक आणि त्याचा पडताळा देणारा आकडा वाचता येतो. आतला एक अंक बदलला तरी हा पडताळा जुळत नाही. अमेरिकेत ऑडी-फोक्सवॅगनच्या वर्कशॉपनं बदललेलं सॉफ्टवेअर पकडलं की त्या गाडीच्या नावापुढे 'टीडी१' असा शिक्का पडतो, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम मागताना मालकाच्या नाकी नऊ येतात. म्हणजे चोरी पचेलच ह्याची खात्री नाही. पण ती पचली असती तरी माझं उत्तर तेच होतं, कारण कंपनी तो टर्बो कुठल्या झाडावरून तोडून आणत नाही. वॉरंटीचा खर्च गाडीच्या किमतीत मोजलेला असतो. दादाच्या खुमखुमीचा टर्बो शेवटी त्या रिटायर्ड आजोबांच्या बिलात जातो, ज्यांनी आयुष्यात २५०० आरपीएमच्या वर गाडी नेली नाही.

टर्बोचा क्लेम नाकारला गेला. मामानं पैसे भरले, दादा अजून दुकानात बसून ते फेडतो आहे. इथपर्यंत मला शोरूमवाल्यांबद्दल काहीच तक्रार नाही. पुढचं ऐका. दोन महिन्यांनी त्याच गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला. शोरूममधला सर्व्हिस ॲडव्हायझर कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीची वॉरंटीच संपली. मॉडिफाइड आहे." मामा 'बरं' म्हणून परत यायला निघाला होता. आपल्याकडची साधी माणसं कॉम्प्युटरमध्ये लिहिलंय म्हटलं की ब्रह्मवाक्य समजतात. मी फोनवरून म्हटलं, "मामा, त्यांना सांग की इंजिनाच्या मॅपमुळे एसीचा कॉम्प्रेसर कसा बिघडला ते लेखी द्या." लेखी काही मिळालं नाही. मग मी मामाच्या सहीनं एक पत्र लिहिलं (मराठीतून! माझ्या शाळेतल्या बाई वाचून थक्क झाल्या असत्या) आणि त्यात शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाचा उल्लेख केला. तीन आठवड्यांनी कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला.

हा जो 'लेखी द्या' प्रकार आहे, त्याच्यामागे अमेरिकेत एक अख्खा कायदा आहे. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. आमचेच सुटे भाग वापरा, आमच्याकडेच सर्व्हिसिंग करा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला तिथे घालता येत नाही. बाहेरचा भाग लावला एवढ्या कारणावर क्लेम नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला असं म्हणणं असेल तर ते दाखवावं लागतं. कट्ट्यावरचे काही विद्वान ह्या कायद्याचं नाव तलवारीसारखं फिरवतात, त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, तो कायदा इस्लामपूरला लागत नाही. दोन, तिथेही तो ट्यूनिंगनं फोडलेला टर्बो फुकट देत नाही. कार्यकारणभाव दाखवा, एवढंच तो म्हणतो. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आपल्याला जे करावं लागतं, तेच कंपनीनंही करायचं.

आपल्याकडचा कायदा कंपनीपेक्षा मालकाला जास्त धाक घालणारा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ : नोंदणीत लिहिलेला तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील ह्यांत फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड ठेवला. कलमात ईसीयू हा शब्द नाही, म्हणून काही जण खुशीत असतात. पण प्रदूषणाचे नियम आहेतच, आणि विमा कंपनीला बदल न कळवल्याचा प्रश्न निराळाच. अपघातानंतर विमावाले पहिल्यांदा काय शोधतात हे कुणाच्या काकांना विचारा.

प्रदूषणावरून आठवलं. 'कंपनीचं सॉफ्टवेअर ते पवित्र आणि आपलं ते पाप' असं मी म्हणतेय असा कुणाचा समज झाला असेल, तर तो सप्टेंबर २०१५ मध्येच संपायला हवा होता. फोक्सवॅगननं जगभरात सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर टाकलं होतं की गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे ओळखून ती गुणी बाळासारखी वागायची, आणि रस्त्यावर आली की नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडायची. हे उघडकीला आणलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या टीमच्या मोजमापांनी. डिकीत यंत्रं ठेवून त्यांनी लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत गाडी चालवली. त्या टीममध्ये भारतातून शिकायला गेलेले विद्यार्थी होते, म्हणजे आपल्यासारखेच असाइनमेंटनं वैतागलेले. आपल्याकडे कंपनीनं ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला, पुढे सुप्रीम कोर्टानं सक्तीची कारवाई थांबवली. तेव्हा 'फॅक्टरी मॅप' हा काही वेद नाही. दादाचा प्लॅन आणि फोक्सवॅगनचा प्लॅन एकाच जातीचे होते, तपासणारा आला की शहाण्यासारखं वागायचं. फरक एवढाच की दादाच्या प्लॅनला दोन तास लागणार होते आणि त्यांनी त्यावर पगारी इंजिनिअर बसवले होते.

आणि पीयूसी? डिझेल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीला रेस करून धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनच्या ऑक्साइडचं नाव कुणी काढत नाही. त्यामुळे 'माझी रीमॅप केलेली गाडी पीयूसी पास आहे' ह्या वाक्याला ग्रॅव्हिटी नाही. डीपीएफ काढून टाकणाऱ्यांबद्दल तर मला बोलायचंच नाही. रेक्टर मॅडम हे मासिक वाचतात.

ज्यांना खरंच ट्यूनिंग हवंय त्यांच्यासाठी सरळ रस्ता असावा, असं मला वाटतं. आज तो नाही, म्हणून सगळे आडवाटेनं जातात. व्होल्वोनं पोलस्टारचं ट्यूनिंग स्वतःच्या डीलरकडून विकलं, वॉरंटी कायम ठेवून. इंग्लंडात फोर्डनं माउंटयूनबरोबर तेच केलं. जर्मनीत बदल केला की टीयूव्हीच्या माणसाकडून तपासून घ्यायचा आणि गाडीच्या कागदांवर चढवायचा, मग राजरोस चालवा. आपल्याकडेही हे अगदीच अनोळखी नाही. मंजूर झालेलं सीएनजी किट बसवलं की आरटीओत जाऊन आरसीवर नोंद होतेच की! गॅसच्या टाकीला जे जमतं ते एका फाइलला का जमू नये? वेताळ टेकडीवर एआरएआय १९६६ पासूनची बसलेली आहे, आणि चाचण्या घ्यायला तिच्याइतकी लायक संस्था आपल्याला शोधावी लागणार नाही. अमुक गाडीला अमुक फाइल, धूर आणि ऑक्साइडं मर्यादेत, टॉर्क गिअरबॉक्सच्या आत, आणि इंजिनाची हमी आता कंपनीची नाही तर ट्यूनरची. ट्यूनर असा लेखी शब्द द्यायला तयार नसेल, तर त्याला स्वतःच्या आकड्यांवर किती भरवसा आहे ते समजलं. आजच कुठल्याही ट्यूनरला विचारून बघा. 'काही होत नाही मॅडम' हे उत्तर मला तीन ठिकाणी मिळालं. 'काही झालं तर माझ्यावर' हे कुठेही मिळालं नाही.

कंपन्यांकडून मात्र माझी मागणी वेगळी आहे. क्लेम नाकारायचा असेल तर ईसीयूतून जे वाचलं त्याची प्रत मालकाच्या हातात द्या. आज गाडी आपली, हप्ते आपले, पण गाडीनं लिहून ठेवलेली डायरी फक्त शोरूमला वाचता येते. निस्सानच्या जीटी-आर गाडीच्या बाबतीत २००८-०९ मध्ये अमेरिकेत हेच झालं. स्थैर्य राखणारी यंत्रणा बंद करून लाँच घेतलेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स तुटले आणि वॉरंटी नाकारली गेली. मालकांनी काही ट्यून केलेलं नव्हतं. यंत्रणा बंद करायचं बटण कंपनीनंच दिलं होतं, आणि ते दाबल्याची नोंदही गाडीच्याच रेकॉर्डरनं केली होती. नंतर कंपनीनं सॉफ्टवेअर बदलून लाँच सौम्य केलं. घरचाच पोरगा शेजाऱ्याकडे जाऊन चहाडी करतो, तसला हा प्रकार. चहाडी खरीही असेल, पण ती आधी आपल्याला तरी ऐकू द्या.

पुढच्या महिन्यात एक मोठी वाहन कंपनी आपल्याकडे प्री-प्लेसमेंट टॉकला येते आहे. पीपीटी संपल्यावर 'एनी क्वेश्चन्स' म्हणतात, आणि सगळे खाली बघतात. मी हात वर करणार आहे. तुमच्या वॉरंटी-पुस्तिकेत गिअरबॉक्सच्या टॉर्क-मर्यादेचा आकडा का नसतो, आणि नाकारलेल्या क्लेमसोबत ईसीयूचा प्रिंटआउट का मिळत नाही, एवढे दोनच प्रश्न आहेत. पुढच्या रांगेतल्या टॉपर मंडळींनी कृपया मागे वळून माझ्याकडे डोळे वटारू नयेत. माझा रोल नंबर त्यांच्या यादीत तसाही खालीच आहे.